शाळा सुटल्यावरचा तास

मुलांना वेळेचं नियोजन शिकवायचं असलं की आमच्या शाळेत गणिताच्या बाईंनाच उभं करतात. मधल्या सुट्टीत त्या एका हातानं जेवतात, दुसऱ्या हातानं पेपर तपासतात. शाळा सुटली की कुणाशी न बोलता स्कूटर काढतात. तरी घरी पोचतात तासाभरानं, हे मला त्यांच्या शेजारणीनं सांगितलं. चोरून शिकवण्या घेत असणार, अशी माझी खात्रीच झाली.

परवा मी त्यांच्या मागोमाग गेले. रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर त्या एकट्याच बसल्या होत्या. हातात मोबाइलसुद्धा नव्हता.

"बाई, इथं काय करताय?"

"काय न्हाई," त्या जराशा सरकल्या. "दिवसभर वेळ वाचवते, ते ह्याच्यासाठीच की. बसा."

मी बसले. पण कुणी भेटायला येतंय का, म्हणून रस्त्याकडंच बघत राहिले.