पडद्याच्या अलीकडे

रेवाची बोटं ताईंनी माझ्या कुर्त्यावरून एकेक करून सोडवली. पोर झोपेत होती. झोपेतच तिनं कापड पुन्हा मुठीत धरलं. ताईंनी पुन्हा सोडवलं. मग मला म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आता तुमच्या सीटवर जा."

विमान हवेत होतं. पॅरिसहून रोमला निघालेलं. जेमतेम दोन तासांचा प्रवास. तेवढ्यात माझं जे व्हायचं ते झालं.

मी मूळची वर्ध्याकडची. नवरा गेल्यावर नागपुरात ताईंच्या आईकडं स्वयंपाकाला होते. ताईंना मुलगी झाली तेव्हा त्यांच्या आईनंच मला अमेरिकेत पाठवलं. अटलांटाजवळ अल्फारेटात मोठं घर. ताई आणि साहेब दोघंही कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मी पोचले तेव्हा रेवाला नुकता सव्वा महिना झाला होता. तेव्हापासून तिचं दूध, शी-शू, अंघोळ, ताप, दात येतानाची किरकिर, सगळं माझ्याकडं. रविवारसुद्धा. तिनं पहिलं पाऊल माझ्याकडं टाकलं. ताई मीटिंगमध्ये होत्या. मी त्यांना सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांच्यासमोर तिला पुन्हा चालवलं आणि म्हणाले, बघा ताई, चालली.

माझी स्वतःची लेक भावाकडं. ती मोठी झाली, तिला पहिल्यांदा पाळी आली, तेव्हा मी रेवाचं डायपर बदलत होते. फोन खांद्याला लावून तिला काय करायचं ते सांगितलं. ती रडत होती. मी रडले नाही. इकडची पोर दचकली असती.

घरी कोणी आलं की ताई सांगायच्या, या आमच्या मावशी, घरच्याच आहेत. मला ते खरं वाटायचं. खरं वाटायचं म्हणून मी काही मागितलं नाही. सुट्टी नाही. वेगळा फोन नाही. पासपोर्टसुद्धा नाही. तो साहेबांच्या कपाटात होता. हरवेल म्हणून, म्हणाले. व्हिसाचं सगळं तेच बघायचे. मधूनमधून देशाबाहेर जाऊन परत यावं लागतं, एवढंच मला माहीत. रेवा दोन वर्षांची झाली तेव्हा त्यासाठीच युरोपची ट्रिप ठरली. ताई म्हणाल्या, तुमचंही फिरणं होईल.

अटलांटाहून पॅरिसला जाताना ते तिघं पुढं, मी मागं. पुढच्या खुर्च्यांचे पलंग होत होते. मला काही वाटलं नाही. ज्याची ऐपत त्याचा पलंग. पण पॅरिसहून रोमचं विमान लहान होतं. आत शिरताना मी बघितलं, पुढच्या सीटा अगदी मागच्यासारख्याच. तेवढीच रुंदी. तेच कापड. फरक एवढाच की पुढं तिघांच्या रांगेत मधली जागा रिकामी ठेवतात. आणि मागं एक पडदा लावतात. रेवा खिडकीशी, ताई कडेला, मधल्या सीटवर ताईंची पर्स. साहेब पलीकडच्या रांगेत. मी पडद्यामागच्या दुसऱ्या ओळीत, दोन अनोळखी माणसांच्या मध्ये कोपर आवळून बसले.

विमान वर चढताना रेवाचे कान दुखले असणार. ती रडायला लागली. "मावशी कम. मावशी कम." मला ऐकू येत होतं. पट्टा सोडायची परवानगी नव्हती, मी सोडला नाही. पट्ट्याचा दिवा विझल्यावर साहेब पडदा सारून आले. चला म्हणाले. मी गेले. मधल्या सीटवरची पर्स उचलून ताईंच्या हातात दिली, आणि बसले. रेवा माझ्या मांडीवर आली. पाणी पाजलं. पाठीवर थोपटलं. हुंदके देत देत झोपली.

तेवढ्यात हवाई सुंदरी आली. रेवाला बघितलं, मला बघितलं. हसली. ताईंना विचारलं, या तुमच्या घरच्या का?

ताईंना वाटायचं मला इंग्रजी येत नाही. पण रेवाला रोज तीच ती पुस्तकं मीच वाचून दाखवायचे. आधी नुसती चित्रं दाखवायचे, मग हळूहळू अक्षरं लागली. बोलता येत नव्हतं. कळत होतं.

ताई हसून म्हणाल्या, "ओ नो. शी इज जस्ट द मेड. शी विल गो बॅक."

ती मुलगी म्हणाली, "शी कॅन स्टे. बेबी इज स्लीपिंग."

"नो नो. शी हॅज हर ओन सीट."

विमानवाले बस म्हणत होते. माझी ताई ऊठ म्हणत होती.

मग ती बोटं सोडवली. मी उठले. पडद्यातून बाहेर आले. माझ्या शेजारच्या माणसाला उठावं लागलं म्हणून तो वैतागला. मी सॉरी म्हणाले. पुढं ताईंनी पर्स परत मधल्या सीटवर ठेवली असेल. मी बघितलं नाही. मला तसं वाटतं.

मेड हा शब्द मला लागला नाही. काम करते तर कामवालीच. मला लागला तो त्याच्या आधीचा शब्द. जस्ट. आणि त्यांचं हसू.

थोड्या वेळानं रेवा जागी झाली. कुशीत मी नाही, हे तिला कळलं असावं. पुन्हा तोच आवाज. मावशी कम. आता तिला उलटीही झाली. पडदा हलला. ताईंनी मान बाहेर काढली. बोटानं बोलावलं.

मी उठले नाही.

ताई माझ्या ओळीपर्यंत आल्या. दबक्या आवाजात म्हणाल्या, "मावशी, ऐकू येत नाही का?"

मी म्हणाले, "ताई, तिला इकडं आणा. मी घेते. मी तिकडं येणार नाही."

आजवर मी त्यांना नाही म्हटलं नव्हतं. शेजारच्या दोघांना मराठी कळत नव्हतं, पण दोघंही आमच्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "मी जस्ट मेड आहे. माझी सीट ही आहे."

मला इंग्रजी कळतं, हे ताईंना तेव्हा कळलं. त्या परत गेल्या. मला वाटलं, आता पोरीला घेऊन येतील. दोन ओळींचं तर अंतर.

त्यांनी आणलं नाही. पोरीला रडू दिलं, पण मागं आणलं नाही.

मीही गेले नाही. रोम येईपर्यंत ती रडत होती. शेवटी आवाज बसला तिचा. मी हात मांडीवर दाबून बसले होते. एकदा पट्ट्याला हात घातलासुद्धा. काढून घेतला. त्या दिवशी मी ताईंना नाही म्हणाले, आणि त्याची शिक्षा एका लेकराला झाली. हे मी विसरणार नाही. पण उठले असते तर पुन्हा कधीच बसून राहता आलं नसतं.

उरलेल्या ट्रिपमध्ये मी सगळं काम केलं. रेवाला खाऊ घातलं, झोपवलं. ताईंशी कामापुरतंच बोलले. अल्फारेटाला परत आल्यावर साहेबांना म्हणाले, माझा पासपोर्ट द्या. कशाला, कुठं जाणार आहात, शोधावा लागेल, अशी उत्तरं मिळाली. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं. म्हणाल्या, "आम्ही तुम्हाला काय कमी केलं, मावशी? घरच्यासारखं वागवलं."

मी म्हणाले, "तेच तर झालं, ताई. पहिल्याच दिवशी मला मोलकरीण म्हटलं असतंत, तर मी रविवार मागितला असता. घरची म्हणून सगळं घेतलंत. आणि दुसऱ्यांसमोर घरची म्हणायची वेळ आली तेव्हा हसलात."

पासपोर्ट काही सापडला नाही.

पार्कमध्ये एक नेपाळी बाई यायची. एका म्हाताऱ्या गोऱ्याची व्हीलचेअर ढकलत. हिंदीत आमचं बोलणं व्हायचं. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, दीदी, इथं असं कुणाचा पासपोर्ट ठेवून घेता येत नाही. तिनंच एका संस्थेला फोन केला. एके सकाळी घरासमोर गाडी थांबली. कामवाल्या बायकांसाठी काम करणारी एक बाई उतरली, बरोबर पोलीस. पासपोर्ट लगेच सापडला.

मी बॅग घेऊन दाराशी आले. रेवा आपले बूट घेऊन आली. आम्ही बाहेर निघालो की ती स्वतःच बूट आणायची. तिला वाटलं, पार्कात चाललोय. खाली बसली आणि पाय पुढं केला.

मी तिला बूट घातले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले. गाडीत बसेपर्यंत मागं बघितलं नाही. गाडीत बसल्यावर मात्र मी अशी रडले की नवरा गेल्यावरही तशी रडले नव्हते.

आता त्या नेपाळी बाईबरोबर एका खोलीत राहते. केस उभी राहिली आहे. मध्ये ताईंच्या एका काकूंचा फोन आला. रेवा जेवत नाही, तुमचं नाव घेते, झालं गेलं विसरा, परत या, म्हणाल्या. मी रात्रभर छताकडं बघत पडले. सकाळी नाही म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमचं काळीज दगडाचं आहे. असू दे.

पुढच्या आठवड्यात माझी साक्ष आहे. दुभाषी येणार आहे. वकील बाई चांगल्या आहेत. त्यांनी समजावलं, कामाचे तास सांगा, कपाटात ठेवलेला पासपोर्ट सांगा, विमानातलं सांगितलं नाही तरी चालेल. कायद्यात ते बसत नाही.

नसेल बसत. मी पहिल्यांदा तेच सांगणार आहे. ताई समोर असतील. त्यांच्याकडं बघून सांगणार आहे. रेवा मोठी झाली आणि तिनं येऊन विचारलं, की मी रडत असताना तू का आली नाहीस, तर तिलाही हेच सांगेन. एक शब्दही कमी करणार नाही.