पेटीच्या आतलं

आणि पेटी जिन्यावरून गडगडली तेव्हा मी तिथेच ब्रश हातात घेऊन उभा होतो, हे काल सांगायचं राहूनच गेलं. स्टुडिओत रंगारी होतो ना मी. सिनेमा पळापळीचा. असल्या सिनेमात एक वस्तू लागते, जिच्यामागे सगळे जीव खाऊन धावतात. नकाशा म्हणा, हिरा म्हणा. आमच्यात पेटी होती. आत काय, ते शेवटच्या दृश्यात उघडून दाखवायचं होतं.

ती केली थोरल्या मिस्त्रींनी. सागवानी, पितळी कोपरे, आत निळी मखमल लावलेले आठ खण. दीड महिना खपले. वहिनी म्हणायच्या, "माझी स्वयंपाकघरातली फळी चार वर्षं लोंबतेय, आणि ह्यांना पेटीच्या बिजागऱ्या घासायला वेळ आहे."

पण अशा कामाला पेट्या दोन लागतात. एक जवळची, म्हणजे कॅमेरा पार नाकाशी आणून टिपतात ती. दुसरी लांबची, फेकाफेकीची. ती फोमची, भरीव. झाकणाची नुसती रेघ रंगवलेली. लागली तरी कुणाचं डोकं फुटत नाही. ती थोरल्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने दोन दिवसांत उरकली. रंग दोन्हींना माझाच, त्यामुळे शेजारी ठेवल्या तर मलाही कळत नसे. म्हणून लांबचीच्या तळाला मी पांढरा ठिपका दिला होता.

आठवडाभर धाकट्याचीच पेटी धावली. जीपमधून उडाली, नदीत पडली, हीरोने छातीशी कवटाळली. थोरल्यांची कपाटात, भुशात. जेवणाच्या सुट्टीत जो तो धाकट्याच्या पाठीवर थाप मारी. दिग्दर्शक तर सगळ्यांदेखत म्हणाले, "खरा हीरो तुझी पेटी आहे." थोरल्यांचा घास तोंडातच फिरत राहिला.

मी समजावलं, "दादा, शेवटचं दृश्य तुमचंच आहे. पडदाभर दिसेल."

"किती वेळ?"

"असेल अर्धं मिनिट."

"त्याची आठ दिवस पळतेय."

"अहो, फोमची आहे ती."

"ते बघणाऱ्याला कुठे माहीत?"

जिन्याच्या दृश्याच्या दिवशी सकाळी थोरल्यांचं बोट पांढरं दिसलं, आणि माझ्या पांढऱ्या रंगाच्या डबीचं झाकण उघडं. मला सगळं उमगलं. पण गप्प बसलो. म्हटलं, धावू दे बिचाऱ्याचीही एक दिवस. सागवान आहे, काय होतंय.

हीरोने पेटी उचलली आणि कमरेत वाकलाच. खालून दिग्दर्शक खूश: "आज जीव ओतलाय पठ्ठ्याने." तीन पायऱ्या कसाबसा चढला आणि पेटी हातातून निसटली. फोम पडतो तसा आवाज नव्हता तो. पितळी कोपरा एकीकडे, झाकण दुसरीकडे, मखमलीचे खण माझ्या पायाशी.

धाकटा तुकडे गोळा करत म्हणाला, "दादा, ही तुझी आहे."

"तळाला ठिपका बघ."

"ठिपका ओला आहे, दादा."

थोरल्यांनी वाकून मखमलीचे खण तेवढे उचलले. शेवटचं दृश्य दुसऱ्याच दिवशी, आणि त्याच संध्याकाळी सेट मोडायचा. नवी पेटी करायला सवड नाही. उरली फोमची, ती उघडणार कशी? दिग्दर्शकांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, उघडायचीच नाही. हीरो पेटीकडे बघून हसतो, ती काखोटीला मारतो आणि चालू पडतो. म्हणजे ते अर्धं मिनिटही धाकट्याच्याच पदरात पडलं.

आणि सिनेमा काय चालला म्हणता! आत काय असेल, यावरून लोकांनी घरोघरी वाद घातले. आजही कुणी ओळखीचं भेटलं की तेच विचारतं. दोघे भाऊ आता पिकली पानं, संध्याकाळी एकाच बाकावर बसतात. परवा माझी नात तिथे गेली आणि नेमकं धाकट्यालाच विचारलं, "आजोबा, पेटीत काय होतं हो?" धाकट्याने मिशीत हसत तोंड उघडलं, तोच थोरल्यांनी काठी आपटली आणि म्हणाले,

"त्याला काय विचारतेस, बाळ? त्याच्या पेटीला आत नव्हतंच. आठही खण माझ्या घरी आहेत, मी त्यांत गोळ्या ठेवतो. बघायचं असेल तर माझ्याकडे ये."