मायच्या तोंडातले तांदूळ

"थुक."

पुजारी महाराजांनी मायच्या तोंडासमोर पळसाचं पान धरलं. माय थुंकली. पानावर तांदूळ पडले. पांढरेफटक, अर्धवट चावलेले, कोरडे. लाळेचा थेंब नाही.

गिरणीचे मालक, शेठ, वाकून पाहायला आले. पानाला हात लावला नाही त्यांनी. लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "देवीनं दाखवून दिलं."

बस. एवढ्यात माझी माय चोर झाली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मूल तालुक्यातल्या एका गावात शेठची धानाची गिरणी होती. उकडलेलं धान अंगणात पसरायचं, अनवाणी पायांनी खालीवर करायचं, वाळलं की गोळा करायचं. हे काम बायांचं. बाप मी लहान असतानाच गेला. माय त्या अंगणात अकरा वर्षं राबली. मी दहावीची परीक्षा देऊन सुट्टीत तिच्यासोबत जात होते. चैत्र सुरू होता. आमच्याकडचं चैत्रातलं ऊन ज्यानं पाहिलं, त्याला सिमेंटचं अंगण काय असतं ते सांगायला नको.

फाटकाशी देवीचं देऊळ होतं. शेठनंच बांधलेलं. देवीला चांदीचे डोळे, मेणानं चिकटवलेले. त्या दिवशी सकाळच्या आरतीला पाहतात तर डोळे गायब.

पोलिसात कोणी गेलं नाही. महाराज म्हणाले, तांदूळ देऊ. आमच्या मुलखात धान पिकतं, न्यायसुद्धा तांदळाचाच. चिमूटभर मंतरलेले तांदूळ तोंडात टाकायचे, चावायचे, थुंकायचे. ओले निघाले तर माणूस खरा. कोरडे निघाले तर चोर.

रांग लावली. अंगणातल्या नऊ बाया आणि चार हमाल. मुनीम रांगेत नव्हता. शेठची दोन्ही पोरं नव्हती. महाराज तर तांदूळ वाटणारे. देवीला सगळं दिसतं म्हणतात. मग संशय घ्यायला तिला आम्हीच तेवढे कसे दिसलो, हे विचारायची अक्कल तेव्हा मला नव्हती. अक्कल होती, हिंमत नव्हती. खरं तेच लिहिते.

आणि आता जे सांगते ते सांगायला मला फार वेळ लागला.

चैत्रातले नऊ दिवस माय कडक उपास धरायची. दिवे लागेपर्यंत पाण्याचा घोटही नाही. त्या वर्षी तिनं मलाही धरायला लावला, दहावीत पास व्हावी म्हणून. दोन दिवस मी काढले. तिसऱ्या दिवशी घशात नुसता कोंडा. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. गिरणीच्या मागे पाण्याचं टाकं होतं. इकडेतिकडे पाहिलं, कोणी नाही. ओंजळीनं घटाघटा पाणी प्यायले. ओढणीला तोंड पुसलं. परत आले तर रांग लागलेली.

माझे तांदूळ ओले निघाले.

"पोट्टी साफ हाय," महाराज म्हणाले.

माझ्यामागे माय. तिचे कोरडे निघाले, तेव्हा ती घाबरली नाही. तिला वाटलं, सांगितलं की कळेल. हात जोडून म्हणाली, "महाराज, मले उपास हाय जी. सकाळपासून पानी नाई घेतलं."

महाराज हसले. "तुह्या पोरीलेबी उपास हाय ना? मंग तिचे कसे ओले निंगाले?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं.

मी मान खाली घातली.

एक वाक्य बोलायचं होतं. मी पाणी प्यायले, एवढंच. नाही बोलले. देवी नापास करेल, डोळ्यांचा आळ माझ्यावर येईल, माय काय म्हणेल, सगळी भीती एकदम आली आणि जीभ टाळूला चिकटली. त्या वेळी मला तांदूळ दिले असते तर माझेही कोरडेच निघाले असते.

मायला देवळाच्या पायरीवर नाक घासायला लावलं. दगड तापलेला. नाकाची साल निघाली. मग घरी माणसं पाठवून आमची दोन गाडगी आणि एक पेटी उलटीपालटी केली. काही नव्हतं, काही मिळालं नाही. काम सुटलं. पुढे रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बाया घोळक्यानं शेतावर जायच्या, मायला कोणी हाक मारायचं नाही. ती मागून एकटी जायची आणि बांधाच्या टोकाला उभी राहून रोवायची.

पण माझ्या डोक्यात जे भिनलं ते याच्यामुळे नाही. त्या संध्याकाळी मायनं दिवा लावला, देवीच्या फोटोला हात जोडले आणि मगच पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. पिऊन झाल्यावर मला म्हणाली, "देवी खोटं नाई दाखवत, पोरी. माह्या हातून काई तं झालं असन. मागच्या जन्मी."

ऐकलं का? तिला माहीत होतं तिनं चोरी केली नाही. तरी तिनं स्वतःवर विश्वास ठेवला नाही. देवीवर ठेवला. शेठनं तिचं काम घेतलं, महाराजानं तिची इज्जत घेतली, पण तिची स्वतःबद्दलची खात्री कोणी घेतली? ती घेणारी त्या फोटोत बसली होती आणि तिच्यासमोर माझी माय रोज तेल जाळत होती.

मी अकरावीला ब्रह्मपुरीला गेले. दसऱ्याला घरी आले तर गावभर एकच बोलणं. देवीचे डोळे सापडले. देवळामागे सुकलेल्या हारफुलांचा ढीग होता, तो दसऱ्यासाठी साफ केला तर तळाशी दोन्ही डोळे. आदल्या दिवशीच्या उन्हानं मेण पाघळलं होतं, डोळे हारात पडले होते, आणि महाराजानं आरतीआधी स्वतःच्या हातानं शिळे हार काढून मागे फेकले होते. चोर कोणी नव्हताच.

शेठनं महाप्रसाद घातला. म्हणे, देवीनं आपले डोळे आपणच परत आणले. हरवले तेव्हा देवीचा न्याय, सापडले तेव्हा देवीची कृपा. चित भी मेरी, पट भी मेरी.

मायला निरोप आला. ती धुतलेलं लुगडं नेसून गेली, मी मागे. पंगत बसलेली, सारं गाव जमलेलं. शेठ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ये वो बाई. देवीनं तुले माफ केलं. सोमवारपासून कामाले ये."

माफ! आमच्या बापजन्मात न केलेल्या चोरीची माफी. आणि माय पदर सावरून वाकायला लागली.

पूजेच्या ताटात तांदूळ होते. मूठभर उचलले आणि शेठसमोर धरले.

"चावा."

"काय?"

"चावा जी, शेठ. मंग महाराजालेबी द्या. हार त्यानंच फेकले होते. लावा रांग."

पंगतीतले घास थांबले. शेठ ओठावरून जीभ फिरवत होते. महाराज एकदा माझ्याकडे आणि एकदा शेठकडे पाहत होते. तांदूळ कोणी घेतले नाहीत. मग मी ते बोलले, जे सहा महिने गिळून बसले होते.

"त्या दिवशी मी पानी पेली होती. मांगच्या टाक्यावर. म्हनून माहे ओले निंगाले. मायनं उपास पाळला म्हनून तिचे कोरडे. देवीनं काई नाई दाखोलं. तिथं देवी-बिवी कोनी नाई."

खाडकन कानाखाली बसली. शेठची नाही, महाराजाची नाही. मायची.

"उपास मोडला तुनं?" तिचा आवाज फाटला होता. "देवीचा उपास मोडला?"

मी तिला वाचवू शकले असते, हे तिनं ऐकलंच नव्हतं. उपास मोडला, एवढंच ऐकलं. तिनं माझ्या मुठीतले तांदूळ काढून ताटात परत ठेवले, देवीपुढे नाक घासलं, या वेळी माझ्यासाठी, आणि प्रसाद घेतला. मी न जेवता निघाले. सोमवारी माय कामावर गेली.

पुढे मी शिक्षिका झाले. गेली काही वर्षं गडचिरोलीकडच्या शाळेत आहे. रविवारी गावोगाव जाते, चावडीवर, बाजारात, जिथं चार माणसं थांबतील तिथं बोलते. पिशवीत तांदळाची पुडी असते. एकाला पाणी पाजते, दुसऱ्याला उन्हात उभं करते, दोघांना तांदूळ देते. पोरं हसतात. म्हातारे विचारात पडतात. कधी कोणी दगडही मारतो.

शाळेतले एक गुरुजी म्हणाले, "मॅडम, तांदळाला नावं ठेवा, आम्ही सोबत आहोत. देवाला कशाला मधे आणता? श्रद्धा ज्याची त्याची."

मी म्हटलं, गुरुजी, तांदूळ नुसते दाणे होते. त्यांना न्यायाधीश कोणी केलं? वर कोणी आहे, हे पहिलं वाक्य. त्याला सगळं दिसतं, हे दुसरं. त्याला काय दिसलं ते महाराजाला कळतं, हे तिसरं. पहिलं मुकाट्यानं मानलं की तिसरं आपोआप गळ्यात पडतं. म्हणून मी पहिल्याशीच भांडते. आणि ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्या घरात राहिली असती, तर मी कशाला तिच्या वाटेला गेले असते? ती माझ्या मायच्या तोंडात आली होती.

गुरुजी वाईट माणूस नाहीत. देवाचा आधार असतो म्हणाले, तेही खोटं नाही. माय अजून नऊ दिवस पाणी घेत नाही, तिच्या फोटोला मी कधी हात लावलेला नाही. ती अजून म्हणते, देवीनं माझी परीक्षा घेतली. मी तिच्याशी दर वेळी वाद घालते. ती दर वेळी चिडते. मी वाद सोडणार नाही.

मागे एका गावात एक म्हातारे भाऊ सभेतून उठले. "बाई, देव नाई मानत तं नका मानू. पन चारचौघात काऊन बोलता?"

मी म्हटलं, "भाऊ, माह्या मायले चारचौघातच चोर ठरोलं होतं. तवा मी चूप होती."

ते खाली बसले. मी पुढे बोलले.

आता कुठल्याही गावात गेले की आधी पाणी मागते. तांब्या दोन्ही हातांनी धरून, सगळ्यांसमोर उभी राहून, पोटभर पिते. मग तोंड उघडते. एकदा लपून प्यायले होते. ते शेवटचं.