मापाचा सदरा

माझ्या खोलीत कपाट नाही. भिंतीत एक फळी आहे आणि तिच्याखाली चार खुंट्या. चार शर्ट, दोन पँटी आणि एक बिनबाह्यांचं जाकीट एवढे कपडे त्यावर आरामात मावतात. सगळे मीच शिवलेले. सगळ्यात जुना शर्ट नऊ वर्षांचा आहे. त्याची कॉलर झिजली तेव्हा मी ती उसवून उलटी लावली. कोपराशी कापड आता इतकं मऊ झालंय की दुकानात आलेलं गिऱ्हाईक नवे तागे सोडून माझी बाही चिमटीत धरतं आणि विचारतं, "मास्तर, हे कापड कुठलं?" कापड साधंच आहे. फक्त ते धुवून धुवून वापरलंय.

मास्तर म्हणजे मी. इकडे शिंप्याला मास्तर म्हणतात. मी आठवीतून शाळा सोडलेली, त्यामुळे पहिल्या पहिल्यांदा कुणी अशी हाक मारली की मी मागे वळून बघायचो, खरंच कुणी गुरुजी आलेत की काय.

माझं गाव तिकडे गोंदियाच्या बाजूला, धानाच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांतलं. रेल्वे आणि एसटी धरून अख्खा दिवस जातो, म्हणून जाणं वर्षातून एकदाच होतं. आधी सहा वर्षं मी कोपरगावात एका उस्तादांच्या हाताखाली होतो. त्यांना दिसेनासं झालं, त्यांनी दुकान आवरलं, आणि मी मशीन टेम्पोत घालून कोल्हारला आलो. इथे हमरस्त्याला लागून एका शेतकऱ्याचं घर आहे. त्या घरातल्या म्हाताऱ्या बाबांनी पुढची खोली मला दुकानाला आणि राहायला दिली. ओळख नाही, पाळख नाही. माझं बोलणं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "हे वाक्यामागं जी कशाला लावतोस रं?"

"सवय आहे जी," मी म्हणालो. ते हसले आणि आत जाऊन किल्ली घेऊन आले.

उस्तादांनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली, सुती कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात घालायचं आणि सावलीत वाळवायचं. जे आटायचं ते कात्री लागण्याआधीच आटून जाऊ दे. दुसरी, शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवायचं. आम्ही त्याला दाब म्हणतो. तयार कपड्यात बोटभरसुद्धा दाब नसतो, कापड वाचवतात. उस्ताद बगलेपासून खालपर्यंत दोन्हीकडे इंच इंच दाब ठेवायचे, बाहीच्या टोकाला तर दोन इंच आत मुडपलेले. ते म्हणायचे, "माणूस आज घालतोय ते शिवू नको. सहा वर्षांनी घालेल ते शिव."

मी खोलीत आल्याच्या तिसऱ्या वर्षी बाबा एक गाठोडं घेऊन आले. आत जाड पांढरं सुती कापड होतं, डांबरगोळ्यांच्या वासाचं. त्यांच्या बायकोने कोपरगावातल्या एका जुन्या कापडदुकानातून ते एका थानातनं फाडून आणलं होतं आणि पेटीत ठेवलं होतं. दुकान पुढे बंद झालं. असलं कापड आता कुणी ठेवतही नाही.

"पाच सदरे बसतील ह्यात," बाबा म्हणाले. "तीन बटनांचे. आता शिवले की मला पुन्हा शिवायला लागू नयेत. सत्तरी उलटली माझी. जत्रा, लग्नं, दहावे, सगळं ह्या पाचात निभायला पाहिजे."

"माप घेतो जी."

"माप कशाला? हा घे." त्यांनी अंगातला सदरा काढला, बंडीवरच उभे राहिले आणि तो माझ्या टेबलावर टाकला. "ह्याच्यावरनं शिव. हा मला लई बेस बसतो."

इकडची ही रीतच आहे. माणूस टेपखाली उभा राहायला लाजतो; अंगाला बसलेला एक जुना कपडा आणून टाकतो आणि त्यावरून शिवायला सांगतो.

ते दिवस माझ्यासाठी बरे नव्हते. बाबांच्या थोरल्या मुलाला पुढची खोली मोबाईलच्या दुकानाला द्यायची होती. तो माझ्याशी वाईट वागत नव्हता, उलट जेवलास का म्हणून विचारायचा. पण ओट्यावर बाप-लेकांचं बोलणं चालायचं ते मशीन थांबवलं की मला ऐकू यायचं. बाबा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. ही खोली गेली तर हमरस्त्यावर मला दुसरी कोण देणार, आणि गावी परत गेलो तर तिथे कुणासाठी शिवणार, हे दोन प्रश्न मी दिवसभर सुईत दोऱ्यासारखे ओवत बसायचो. सदरे असे शिवायचे की बाबांनी बघत राहावं, असं मी ठरवलं.

आणि तिथेच चुकलो. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. त्यात पांढरं कापड रात्रभर टाकलं की पिवळट झाक येते. मला ते कोरं, लखलखीत द्यायचं होतं. एवढं जुनं कापड, ते काय आटणार, अशी मी माझी समजूत घातली आणि न भिजवताच जुन्या सदऱ्यावरून बरोबर माप उतरवून पाचही कापले. तो जुना सदरा शंभर वेळा धुतलेला होता, त्याचं आटणं केव्हाच संपलेलं. हे कोरं. हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत असून कापले.

बाबा पहिला सदरा घालून लग्नाला गेले. आल्यावर म्हणाले, "चार जनांनी इचारलं, कुठं शिवला." दुसरा दुसऱ्या लग्नाला. मग दोन्ही धुतले गेले, पुन्हा घातले, पुन्हा धुतले.

एका सकाळी ते दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले, दोन्ही हात आडवे पसरून. बाह्या मनगटाच्या वर चढल्या होत्या आणि पोटाशी कापड ताणलं होतं.

"मास्तर," ते म्हणाले, "ह्या वयात मी वाढाय लागलो का काय?"

मागून मुलगा आला. "हुरड्यातलं बुजगावणं दिसताय," तो बापाला म्हणाला आणि मग माझ्याकडे वळला. "तुमचं काय न्हाई मास्तर. कापडच जुनं व्हतं, पेटीत सडलेलं. आईला सांगितलं व्हतं मी, ठेवू नको म्हनून."

आतून बाबांच्या बायकोचा आवाज आला, "माझं कापड सडलेलं न्हाई!"

मला फक्त मान हलवायची होती. खापर कापडावर गेलं असतं, संपलं असतं. हातातल्या कात्रीची मी उगाच उघडझाप करत होतो.

"कापड चांगलं आहे जी," मी म्हणालो. "मी भिजवलं नाही. भिजवून कापायला पाहिजे होतं. पिवळं पडेल म्हणून भ्यालो."

मुलाने बापाकडे बघितलं. बाबांनी हात खाली घेतले.

"मग आता?" ते म्हणाले.

"पाचही द्या."

उरलेले तीन मी त्याच बोअरच्या पाण्यात टबात टाकले. पिवळे व्हायचे तेवढे झाले. मग पाचही सदरे उलटे करून बगलेपासून शिवणी उसवल्या. दाब होता. भिजवण्याची गोष्ट मी सोडली होती, पण दाबाची सोडली नव्हती. हाताला त्याची इतकी सवय लागलेली की विचार न करता तो ठेवला गेला होता. दोन्ही बाजूंनी मिळून पुरेसं कापड सुटलं आणि बाहीचे मुडपलेले दोन इंच खाली आले. कॉलर मात्र वाढवता येत नाही, कापली तशीच राहते. पण बाबा गळ्याचं बटण कधी लावतच नाहीत.

तीन दिवसांनी सदरे दिले. बसले. फक्त दोन्ही बगलांखाली आणि बाहीच्या टोकाला जुन्या शिवणीची रेघ दिसत होती. मी ती दाखवली. न दाखवता राहवलं नसतं.

बाबांनी हात वर करून बगलेत बघितलं. "इथं कोन बघाय येतंय?" ते म्हणाले.

खोलीबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मी विचारलंही नाही. आठवड्याने मोबाईलवाला जागा बघायला आला तेव्हा मी मशीनवर होतो. त्याने दारातून टेपने रुंदी घेतली. टेपचं दुसरं टोक धरायला त्याने मलाच सांगितलं, आणि मी धरलं. तेवढ्यात बाबा मळ्यातून आले, अंगात पाचातला एक.

"काय मोजतोय?" त्यांनी विचारलं.

"दुकानाचं बोललो होतो ना, दादाशी..."

"खोली न्हाई मोकळी," बाबा म्हणाले. "च्या घे आन जा."

तो चहा पिऊन गेला. मुलगा दोन दिवस घुमा होता. तिसऱ्या दिवशी स्वतःची पँट कमरेत सैल करायला घेऊन आला.

त्यानंतर मी सुती कापड न भिजवता कापलेलं नाही. माझेही चार शर्ट त्याच पाण्यातले, किंचित पिवळे. बाबांच्या सदऱ्यांवरची रेघ दोन-तीन वर्षांत धुऊन गेली. आता मलाही ती शोधावी लागते.

मोबाईलवाला येऊन गेला त्याच संध्याकाळी मी मापाचा जुना सदरा घडी घालून बाबांना परत द्यायला गेलो होतो. त्यांनी तो घेतला नाही.

"घरात कशाला?" ते म्हणाले. "माप हाय माझं. तुज्या खुंटीला राहू दे."

चार खुंट्यांमधली शेवटची त्याची आहे.