मोहिनीची लेखनिक

रनाळ्याच्या रंजनाबाईला कुणी शिक्षण विचारलं, तर ती सांगायची, "दहावी पास, आणि पुढं मोहिनीसंगं झालं तितकं." सांगताना हसायची, पण त्यात खोटं काही नव्हतं.

मोहिनी तिची एकुलती लेक. आठवीत असताना तिची नजर अधू व्हायला लागली. पुस्तक आधी डोळ्यांजवळ आलं, मग नाकाला टेकलं, आणि दहावीच्या वर्षी ते मिटूनच ठेवावं लागलं. पडद्याचा आजार आहे, यावर इलाज नाही, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. वडील सुकलाल चार दिवस शेतात गेले नाहीत. रंजनाबाईनं मात्र पुस्तक स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ते वाचन बारा वर्षं चाललं.

दिवसा ती नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर जायची. उन्हात पसरलेल्या लाल मिरच्यांच्या राशीत बसून दिवसभर देठ खुडायचे. संध्याकाळी घरी आली, की राखेनं हात घासायचे, मग साबणानं, मग तेल लावून पुन्हा साबणानं. तरी बोटांची आग जायची नाही. चूल पेटवायची, भाकरी टाकता टाकता पुस्तक पाटावर उभं करायचं आणि वाचायचं. मोहिनी बारावी झाली, बी.ए. झाली, आणि मग तिनं ग्रामीण बँकेच्या परीक्षेचं मनावर घेतलं. पेपर मराठीतही मिळतो, आणि अंध मुलांना लेखनिक नेता येतो, म्हणजे प्रश्न वाचून दाखवणारं आणि सांगितलेलं उत्तर नोंदवणारं माणूस, हे तिला गावातल्या उमाकांतनं सांगितलं. उमाकांतचं एस.टी. थांब्याजवळ संगणकाचं दुकान होतं. तिथं तो दाखले, फॉर्म काढून द्यायचा आणि सकाळी पोरापोरींना स्पर्धा परीक्षेचं शिकवायचा.

बुद्धिमत्तेच्या पेपरात मोहिनीची अडचण व्हायची ती आकृत्यांची. तक्ते, आलेख, घड्या घातलेले कागद, हे सगळं रंजनाबाईनं कितीही वर्णन करून सांगितलं तरी हाती लागायचं नाही. पण एक प्रकार असा निघाला, की त्यात मोहिनी डोळस पोरांच्याही पुढं जायची. पुरेशी माहिती नावाचा. एक प्रश्न द्यायचा, खाली दोन विधानं द्यायची. उत्तर काढायला पहिलं विधान पुरतं, की दुसरं, की दोन्हींपैकी कुठलंही एक, की दोन्ही मिळून, की दोन्ही मिळूनही पुरत नाही, एवढंच ठरवायचं.

पहिल्यांदा हा प्रश्न वाचला तेव्हा रंजनाबाई चुलीपुढं अडूनच बसली.

"पाच मैत्रिनी शेतस. सर्वांत उंच कोन, आसं इचारेल शे. आन् तू म्हनस, ते सांगानंच नही?"

"नही, माय. सांगता येई का नही, इतलंच."

"मंग इचारं कसाले?"

मोहिनी हसून हसून लोळली. मग तिनं आईला नीट समजावलं. पुस्तकातल्या अ, ब, क, ड काढून टाकल्या आणि पथारीवरच्या बाया घेतल्या. "दखं. दगूबाई ही रेवाबाईपेक्षा आणि तुन्हापेक्षा उंच, पन मार्थाबाईपेक्षा बुटकी. हाई पहिलं विधान. पाचवी मी. माले कोनी मोजंच नही. मंग सर्वांत उंच कोन?"

"मार्थाबाई."

"मी तिन्हापेक्षा उंच ऱ्हासू तर?"

रंजनाबाईनं तोंडावर हात ठेवला.

"आते दुसरं विधान. मोहिनी सर्वांत उंच नही."

"मंग मार्थाबाईच!"

"म्हंजे एकलं पहिलं पुरत नही, एकलं दुसरं पुरत नही. दोन्ही मिळीसन पुरस. झायं. पुढला वाच."

त्या दिवसापासून रंजनाबाईला त्या प्रश्नांची गोडी लागली. देठ खुडताना ती दगूबाईला कोडी घालायची आणि दगूबाई वैतागायची. उमाकांतच्या वर्गात मोहिनी विधान संपायच्या आत उत्तर सांगू लागली. "हिला कागदाची गरजच नाही," तो म्हणायचा. "आम्ही उत्तर काढत बसतो, ही नुसतं ऐकते."

दोन वर्षं मुख्य परीक्षेत थोडक्यात हुकलं. मोहिनी सत्तावीसची झाली. सुकलाल मनानं वाईट नव्हते. त्यांना एकच घोर होता. "आम्हना माघारे इले कोन दखी?" असं ते रंजनाबाईला म्हणायचे, मोहिनीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, आणि तिला ते ऐकू जायचंच. शहाद्याकडच्या कळसाडीतून एक स्थळ आलं होतं. गोपाल नावाचा, उसाची थोडी शेती, बायको वारलेली, सहा वर्षांची मुलगी. मोहिनीपेक्षा चौदा वर्षांनी मोठा. मोहिनीनं वडिलांना सांगितलं, "आप्पा, यंदानी परीक्षा होऊ द्या. नही जमनं, ते तुम्ही म्हनशात तसं." सुकलालनी मान डोलावली आणि स्थळाला थांबायला सांगितलं.

त्या वर्षी लेखनिक म्हणून शेजारची रोशनी यायची होती. बारावी झालेली, माऊस चालवण्यात तरबेज, तीन महिने मोहिनीबरोबर सराव केलेली. परीक्षेला तीन दिवस उरले असताना रोशनीला बघायला पाहुणे येणार असं ठरलं, तेही नेमके परीक्षेच्याच दिवशी. ती रडत रडत सांगायला आली. तिच्या घरचे ऐकेनात.

"मंग माय येई," मोहिनी म्हणाली. "मन्हा सवाल मायशिवाय कोन वाचस?"

संगणकाला रंजनाबाईनं कधी हातही लावला नव्हता. उमाकांतनं लेखनिक बदलायचा कागद तयार करून दिला आणि दोन संध्याकाळी तिला दुकानात बसवून शिकवलं. "मावशी, हे उत्तर. त्याच्यासमोरच्या गोलावर टिचकी मारायची. मग खाली हे निळं बटण. पुढचा प्रश्न आपोआप येतो. घाबरू नका." तिनं चाळीस-पन्नास प्रश्न तसे करून बघितले. जमत होतं.

धुळ्याच्या केंद्रावर मायलेकींना भिंतीकडेचं टेबल मिळालं. पर्यवेक्षकानं बजावलं, लेखनिकानं फक्त वाचायचं आणि नोंदवायचं, स्वतःचं काही बोलायचं नाही. पेपर सुरू झाला. मोहिनी हलक्या आवाजात म्हणाली, "माय, पयले पुरेशी माहितीना सवाल शोध. त्या करी टाकू, मंग बाकी."

पडद्याच्या उजव्या बाजूला प्रश्नांच्या आकड्यांचे चौकोन होते. रंजनाबाईनं एकेक दाबून बघितला आणि ते पाच प्रश्न सापडले, एकापाठोपाठ एक. तिनं पहिला वाचला. मोहिनीनं उत्तर सांगितलं. तिनं गोलावर टिचकी मारली आणि हात उजवीकडेच होता म्हणून पुढचा चौकोन दाबला. पुढचा प्रश्न आला. पाचही तसेच झाले. मोहिनी एकदाही अडखळली नाही. पाचवं उत्तर सांगून तिनं आईचा गुडघा दाबला.

मग त्या दोघी पहिल्या प्रश्नापासून क्रमानं निघाल्या आणि रंजनाबाईला उमाकांतचं निळं बटण आठवलं. चौकोन एकेक करून हिरवे होत गेले. ते पाच झालेले म्हणून तिनं ओलांडले, ते मात्र लाल होते. तिला ते दिसलं. हे लाल का, असं विचारावं म्हणून तिनं तोंड उघडलंही. पण मोहिनी डोळे मिटून हिशेब करत होती, पर्यवेक्षक मागेच उभा होता, आणि वर घड्याळ पळत होतं. तिला वाटलं, ते पाच आधी केले म्हणून वेगळा रंग असेल. ती पुढचा प्रश्न वाचू लागली.

बाहेर आल्यावर मोहिनीनं तिला मिठी मारली. बसमध्ये दोंडाईचा येईपर्यंत ती बोलत होती. कुठली शाखा मिळेल, तिथं खोली घ्यायची, माय पथारी सोडून देईल. रंजनाबाई हो हो करत होती.

निकाल हिवाळ्यात लागला. उमाकांतनं फोनवर आकडे वाचून दाखवले. दोन गुणही नाही, पावणेदोननं हुकलं होतं.

मोहिनी रडली नाही. दोन दिवस ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोळवत राहिली. "त्या पाच तर मन्हा बरोबर व्हतात, माय. त्या धरीसन हिशोब कया तर पास व्हयेल पाहिजे." तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "नही. मालेच आसं वाटनं. माले येतच नही व्हतं ते." आणि त्यानंतर तिनं त्या विषयावर बोलणं सोडलं. फाल्गुनात कळसाडीच्या गोपालशी तिचं लग्न झालं. गोपाल शांत माणूस. लग्नात तो तिचा हात धरून एकेक पायरी मोजत उतरला. रंजनाबाईनं ते पाहिलं आणि देवाचे आभार मानले, तरी घरी येऊन ती पुस्तकांच्या फळीकडे पाठ करून झोपली.

आषाढात रेशन कार्डाचं काहीतरी करायला ती उमाकांतच्या दुकानात गेली. रोशनी तिथं पोलीस भरतीच्या सराव पेपरला बसली होती. रंजनाबाई तिच्या मागं उभी राहून बघत होती. तेच आकडे, तेच चौकोन.

"ह्या लाल का बरं शेतस?"

रोशनी पेपरात गढलेली होती. उमाकांतनंच रेशन कार्डाचा कागद बघता बघता उत्तर दिलं, "हिरवं म्हणजे उत्तर जमा झालं, मावशी. लाल म्हणजे प्रश्न उघडला, पण उत्तर जमाच केलं नाही."

"टिचकी मारी व्हती तरी?"

"नुसत्या टिचकीनं नाही होत. निळं बटण दाबावं लागतं. ते न दाबता दुसऱ्या आकड्यावर गेलं, की गेलं उत्तर." आणि मग त्यानं मान वर केली. तिचा चेहरा बघून तो उठून उभा राहिला. "मावशी, किती होते?"

तिनं पाच बोटं दाखवली.

उमाकांत खुर्चीत बसला. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "आकड्यावरून उडी मारायची कशी, ते मी दाखवलंच नाही." तो बराच वेळ तेच बोलत राहिला. रंजनाबाई कार्ड तिथंच विसरून घरी गेली.

सुकलालना तिनं सांगितलं नाही. आठ दिवस तिला जेवण गेलं नाही. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. पोरगी नांदत होती. पण आपल्याला येतच नव्हतं, असं धरून ती तिथं बसली असेल, हे रंजनाबाईला सोसेना. पोरीचं डोकं चुकलं नव्हतं, हे एवढं तरी तिचं तिला परत द्यायला हवं होतं. त्याच्याबरोबर आपल्यावरचा तिचा भरवसा जाणार, हेही तिला ठाऊक होतं. ती शहाद्याची बस धरून कळसाडीला गेली.

मोहिनी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. बोटांना काम ओळखीचं झालं होतं. आईचा आवाज ऐकताच तिचा चेहरा फुलला. गोपालची मुलगी शाळेत होती, तो शेतात. रंजनाबाईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. तिनं सगळं सांगितलं. निळं बटण, चौकोन, उमाकांत काय म्हणाला ते. शेवटी म्हणाली, "तू चुकनी नही, बेटा. पाचही बरोबर व्हतात. चुकनी मी."

मोहिनीचे हात थांबले.

"लाल दिसनं तव्हय माले का नही सांगं?"

"तुन्हा येळ जाई म्हनीसन."

मोहिनीनं टोपलं बाजूला सरकवलं. तिनं पदर चेहऱ्यावर घेतला नाही, ओरडली नाही. तिच्या गालांवरून पाणी ओघळत राहिलं. रंजनाबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा तिनं तो हलकेच उचलून खाली ठेवला.

"आते जाय तू," ती म्हणाली. "बस चुकी जाई."

त्यानंतर फोन गोपालच उचलायचा. बरी आहे, कामात आहे, सांगतो तिला, असं अवघडून बोलायचा. पुढल्या वर्षीचा फॉर्म निघाला. उमाकांतनं तो स्वतः भरून तयार ठेवला होता, फक्त मोहिनीची सही हवी होती. त्यानं कळसाडीला दोनदा फोन केला. तारीख उलटून गेली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. मोहिनीही आली, गोपालच्या मुलीचं बोट धरून. सुकलालनी निंबाला झोका बांधला, त्या पोरीला झोके दिले आणि कितीतरी दिवसांनी हसले. रंजनाबाईनं खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या. मोहिनी पोटभर जेवली. तिनं आईकडून वेणी घालून घेतली. सणाला कुणी आलेलं होतं, कुणी बोलत होतं, आणि लोकांत ती आईशी नीट बोलायची.

दुपारी घरात दोघीच उरल्या. बांगड्यांच्या पुडक्याला गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद रंजनाबाईच्या हाती लागला. बारा वर्षांची सवय. तिनं तो मांडीवर पसरला आणि वाचायला सुरुवात केली, कुठल्याशा गावच्या बाजाराची बातमी होती.

मोहिनीनं चाचपडत हात पुढं केला आणि कागदावर ठेवला.

"माय, माले राग नही तुन्हा. खरंच नही. पन आते माले वाची दखाडू नको. काहीच नको."

"बरं," रंजनाबाई म्हणाली.

तिनं कागदाची घडी केली. बाहेर झोक्यावर पोर ओरडत होती, आणखी उंच, आणखी उंच. रंजनाबाई उठली, तिनं पुडक्यातल्या हिरव्या बांगड्या काढल्या आणि मोहिनीचा हात हातात घेऊन एकेक भरायला लागली.