हिंगाची डबी

गेल्या महिन्यात माझ्या पत्नीचं वर्षश्राद्ध झालं. त्याच्या आठ दिवस आधी तिच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. त्यांना सगळेच अक्का म्हणतात, मीही.

“भावोजी, पानावर होळिगे वाढायची ना?”

होळिगे म्हणजे आपली पुरणपोळी. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळूरच्या पेठेत येऊन राहिलेलं. घरात मराठी बोलतात, पण ताटातले पदार्थ कन्नड नावांनी हाक मारल्यावरच येतात.

“तिला गहू चालत नव्हता, अक्का.”

“आता काय होणार आहे तिला?” त्या म्हणाल्या. “फार आवडायची हो. स्वल्प तरी वाढू या.”

कळवतो म्हणालो आणि फोन ठेवला. आठ दिवस मला काही कळवता आलं नाही.

आमचं लग्न झालं तेव्हा मी नुकताच पुण्याहून येऊन इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात रुजू झालो होतो. महादेवपुऱ्यात घर घेतलं. ती माहेरी भात आणि नाचणीचे मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे मऊ गोळे, खाऊन वाढलेली, माझ्याकडे दोन्ही वेळा पोळ्या. मुद्दा चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा असतो, हे तिने पहिल्या वर्षी मला शिकवून पाहिलं. हे तर औषधाची गोळी घेतल्यासारखं झालं, असं मी म्हणालो. तिने माझ्यासाठी पुन्हा मुद्दे केले नाहीत, आणि हळूहळू स्वतःसाठीही केले नाहीत. पोळ्या मात्र उत्तम शिकली. माझी आई आली की येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, हिच्या पोळीला कसे पदर सुटतात पाहा. ते ऐकून मला अभिमान वाटे, जणू मीच लाटल्या होत्या.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिच्या कोपरांवर बारीक, पाण्याने भरलेले फोड उठू लागले. मग गुडघ्यांवर, मग मानेपाशी केसांत. खाज इतकी की झोपेत खाजवल्याने अभ्र्यावर रक्ताचे ठिपके पडत. त्वचेचे डॉक्टर झाले, मलमं झाली, साबण बदलले. एका डॉक्टरांनी खरूज आहे म्हटलं. तेव्हा घरातल्या सगळ्या चादरी उकळल्या आणि मी पंधरा दिवस बाहेरच्या खोलीत झोपलो. खरूज नव्हतीच. पण ते पंधरा दिवस झाले ते झालेच. ती कोपराच्या खाली येणाऱ्या बाह्यांची पोलकी शिवून घेऊ लागली. शेजारणी म्हणत, किती छान फॅशन आहे.

पोटही तिचं नेहमी फुगलेलं असे. जेवण झालं की साडी जरा सैल करून ती भिंतीला टेकून बसायची. त्याला आम्ही गॅस म्हणायचो. रक्तात लोह कमी म्हणून वेगळ्या गोळ्या चालू होत्या. पोटाचं पोटाच्या डॉक्टरांना सांगायचं आणि कातडीचं कातडीच्या. मी ग्रंथालयात पुस्तकं लावत असे तशीच ही वाटणी होती, एका कपाटातलं दुसऱ्यात जाणार नाही अशी.

एकदा तिची आई आजारी होती म्हणून ती तीन महिने माहेरी राहिली. परत आली तेव्हा कोपरं कोरडी, जवळजवळ स्वच्छ.

“पेठेतलं पाणी मानवलं तुला,” मी म्हणालो.

“मग आपल्या टँकरवाल्याला सांगा, तिथूनच भरून आणत जा म्हणावं.”

आम्ही हसलो, आणि मी खरंच न्हाणीघराच्या नळाला फिल्टर बसवून घेतला. जड पाण्याने कातडी बिघडते असं आमच्या इमारतीत सगळेच म्हणत. तीन महिने ती तिथे काय जेवत होती, हे मी विचारलं नाही. महिन्याभरात फोड परत आले.

शेवटी एका तरुण डॉक्टरबाईंनी दोन्ही कोपरं शेजारी शेजारी धरायला लावून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो पोटाचा. बाई कन्नड होत्या. तिने कन्नडमध्ये सांगायला सुरुवात केली आणि ती थांबेचना. मला निम्मंच समजत होतं. होट्टे म्हणजे पोट, हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. एवढं तिने मला मराठीत कधी सांगितलं नव्हतं, किंवा मी एवढं विचारलं नव्हतं.

रक्त तपासलं, कोपराजवळची कणभर कातडी काढून तपासली, दुर्बीण घालून आतडं पाहिलं. गव्हातला चिकट अंश तिच्या आतड्याला सोसत नव्हता. बाईंनी मला समजावलं की गहू पोटात गेला की आतड्याचं अस्तर झिजतं, आणि त्याच्याशी झगडायला शरीर जे काही तयार करतं ते रक्तातून कातडीपर्यंत पोचून तिथे फोड उठवतं. काहींना पोटाचा त्रास फारसा जाणवतही नाही, जे दिसतं ते कातडीवरच. वरून मलम लावून आतलं भांडण मिटत नाही. गहू कायमचा बंद करायचा, आणि कातडी निवळायला महिने लागतील तोवर धीर धरायचा.

मी सुटी काढून स्वयंपाकघर लावलं. कणीक, रवा, मैदा, शेवया, पोळपाट-लाटणंसुद्धा बाहेर गेलं. तांदूळ, ज्वारी, नाचणी यांना नवे डबे, डब्यांवर चिठ्ठ्या. मुद्दे पुन्हा घरात आले. मीही गहू सोडतो, असं मी तिला सांगितलं. ते खरं नव्हतं. दुपारी संस्थेच्या कँटीनमध्ये मी दोन चपात्या खात असे.

चार-पाच महिन्यांत निम्मं उतरलं आणि तिथेच अडलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, कुठून तरी पोटात जातंय. परतताना के. आर. पुरमच्या पुलापाशी गाड्या तुंबल्या होत्या. रिक्षात मी तिला विचारलं, “खरं सांग, अक्कांकडे गेलीस की काही खातेस का?”

“नाही खात.”

“रागावणार नाही मी. एखादी होळिगे खाल्ली असशील.”

“अहो, नाही म्हटलं ना.” मग ती बाहेर बघत राहिली. पुढे काय उभं होतं तर एक सिमेंटचा ट्रक.

त्या दिवसापासून मी तिच्या ताटाकडे पाहू लागलो. बोलत नव्हतो, नुसता पाहायचो. ती जेवताना कमी बोलू लागली.

हिंग मी पुण्याहून आणत असे. हिंगाशिवाय फोडणी म्हणजे नुसतं तापलेलं तेल, असं माझं मत, आणि इकडचा हिंग मला पसंत नव्हता. दर खेपेला चार डब्या. असंच एकदा नवी डबी फोडताना, चष्मा डोळ्यांवर होता म्हणून, मागचं बारीक अक्षर वाचलं. आयुष्य छापील अक्षरं वाचण्यात गेलेला माणूस मी, पण हे कधी वाचलं नव्हतं. निव्वळ हिंग फार उग्र असतो, म्हणून तो पिठात मिसळून विकतात. माझ्या डबीतलं पीठ गव्हाचं होतं. रोज दोन वेळा, चिमूटभर, आमटीत, भाजीत. डबे लावताना मी धान्यं तपासली होती. मसाल्याचा डबा तसाच राहिला होता.

“हिंगामुळे होत होतं,” मी तिला सांगितलं.

तिने डबी घेतली, खिडकीपाशी जाऊन वाचली, झाकण लावलं. “सरी,” ती म्हणाली. म्हणजे, ठीक आहे. “उद्यापासून लसणाची फोडणी.”

हिंगामुळे, असं मी म्हणालो. तुझ्यावर संशय घेतला, चुकलो, असं म्हणालो नाही. कधीतरी म्हणू असं वाटलं होतं.

त्यानंतर तिची कोपरं पूर्ण निवळली. तिने आखूड बाह्यांची पोलकी शिवली. अशी सहा वर्षं मिळाली. मग एका सकाळी, चहा व्हायच्या आत, हृदय थांबलं. या दुखण्याशी त्याचा संबंध नव्हता, असं डॉक्टर म्हणाले.

आता घरात मी गहू आणू शकतो. आणत नाही. नाचणीचे मुद्दे करायला शिकलो आहे, गुठळ्या राहतात. काही दिवस असे जातात की खालच्या वॉचमनशी झालेल्या दोन वाक्यांपलीकडे तोंडातून शब्द निघत नाही. जेवताना समोर पाहण्यासारखं दुसरं ताट नसतं.

श्राद्धाच्या सकाळी अक्का आल्या. पिशवीत एक डबा होता. “करून आणल्यात,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नको म्हणालात तर गाईला घालू.”

त्या तूप कढवत होत्या. मी केळीचं पान पुसत होतो. विचारायचं ठरवलं नव्हतं, पण विचारलं. “अक्का, ती तुमच्याकडे आल्यावर कधी खायची का हो? पोळी?”

त्यांनी गॅस बारीक केला. “एका युगादीला मीच धरली होती तिच्यापुढे. म्हटलं, खा गं, कोण बघतंय. हातात घेतली, नाकाशी नेली, वास घेतला आणि ठेवून दिली परत. म्हणाली, ते माझ्या ताटाकडे बघतात, अक्का. बघू देत. पण मी खरंच खाल्ली, तर त्यांचं बघणं बरोबर ठरेल.”

मी पान पुसतच राहिलो. अक्का म्हणाल्या, “पुसून झालं की हो ते.”

पान मी वाढलं. भात, बिनहिंगाचं वरण, भाजी, खीर. मग डबा उघडून एक अख्खी होळिगे ठेवली आणि तिच्यावर कोमट तूप घातलं. ठेवताना, चुकलो, असं म्हणालो. गुरुजी बाहेर हात धूत होते. अक्कांनी ऐकलं असेल किंवा नसेल.

नैवेद्य दाखवून झाल्यावर मी खोलीचं दार ओढून घेतलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

“किती वेळ थांबायचं?” अक्कांनी विचारलं.

“तिचं होऊ दे,” मी म्हणालो, आणि दाराकडे पाठ करून उभा राहिलो.