पांढऱ्या शर्टावरची काजळी

शाळेत तिला सगळे सोडाबाटली म्हणायचे. नंबर उणे अकरा. नाकावर चष्मा कसला, चष्म्याखाली कसंबसं नाक! लग्न ठरलं तेव्हा तिनं कॉन्टॅक्ट लेन्स लावल्या आणि त्या दिवसापासून बाईसाहेब स्वतःला बरी झालेली समजू लागल्या. डोळ्यांची डॉक्टरीण दरवर्षी बजावायची, पडदा तपासून घ्या. ही नव्या लेन्स घ्यायची आणि आल्या पावली परत. "नंबर गेला की! आता कसला पडदा नि कसलं काय?"

नोकरी एका मोठ्या लॉन्ड्रीत. धुतलेला कपडा इस्त्रीला जाण्याआधी हिच्या टेबलावर यायचा. ट्यूबलाइटखाली तो उलटसुलट करून डाग शोधायचे, एवढंच काम. वीस वर्षांत तिच्या नजरेतून एक डाग सुटला नव्हता, आणि हे ती कुणाला विसरूही द्यायची नाही.

एका सकाळी तिनं सात पांढरे शर्ट मशीनवाल्याकडे परत धाडले. प्रत्येकावर काजळीचे ठिपके! त्यानं मुकाट्यानं पुन्हा धुतले. ठिपके तिथेच.

"साबण वापरतोस की नुसता आशीर्वाद देतोस?"

"ताई, मला एकही ठिपका दिसत नाहीये."

"तुला जेवणाची सुट्टी तेवढी दिसते."

तरी तिनं गुपचूप जाऊन उजव्या डोळ्यातली लेन्स धुतली. मग नवी घातली. काजळी होती तशीच. वर डोळ्याच्या कोपऱ्यात कुणी फोटो काढावा तसा लखलखाट. तोही तिनं ट्यूबलाइटच्या माथी मारला.

शेवटी वैतागून मशीनवाला म्हणाला, "लेन्स काढा आणि त्या भिंतीकडे बघा."

लेन्स काढल्यावर भिंत धुक्यात गेली, मशीनवाला धुक्यात गेला. ठिपके मात्र तेवढे हजर. डोळा फिरवला की मागोमाग फिरत होते. तिचं तोंड उतरलं. "अरे, हे तर माझ्या आतच आहेत."

"मग इथे काय उभ्या राहिलात? निघा!" तो पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला.

डॉक्टरणीनं बाहुली मोठी करणारे थेंब घालून आत पाहिलं. पडद्याला चीर पडली होती.

"लेन्समुळे?"

"नाही हो. लेन्स बसते पुढे, बुबुळावर. ती चित्र पडद्यावर नीट पाडते, बस्स. एवढ्या नंबरचा डोळा मुळातच लांबट असतो, म्हणून आतला पडदा ताणून पातळ झालेला असतो. लेन्सनं तो बिघडत नाही, तसा सुधारतही नाही."

"म्हणजे मी बरी झालेच नव्हते?"

"तुम्हाला दिसत चांगलं होतं. आज आलात म्हणून बरं. पडदा सुटला असता, तर मोठं ऑपरेशन आणि नजरेची खात्री नाही."

"मग माझं टेबल?"

"आधी हनुवटी इथे टेकवा."

त्याच दुपारी चिरेभोवती लेसर मारून पडदा पक्का केला. नजर वाचली. ठिपके काही महिने रेंगाळतील, डॉक्टरीण म्हणाली.

परवानगी मिळाल्यावर बाई कामावर रुजू झाल्या. आता शर्ट समोर धरायचा आणि डोळा फिरवायचा. हलला तो ठिपका आपला, ठाम बसला तो गिऱ्हाइकाचा. पहिल्याच दिवशी तिनं एक शर्ट बाजूला काढला.

"हा तुमच्या डोळ्यातला असेल," मशीनवाला दात काढत म्हणाला.

तिनं शर्ट त्याच्या नाकासमोर धरला. कॉलरखाली शाईचा डाग, तिळाएवढा. तो शर्ट घेऊन मशीनकडे गेला.